आटणीच्या आधी

भारतातल्या कुठल्याही मोठ्या शहरात सराफकट्टा गाठा आणि त्याच्या पाठीमागच्या बोळात शिरा. अरुंद जिना, वर लहानशी खोली, धुराने काळवंडलेली भिंत, कोपऱ्यात भट्टी, फळीवर ओळीने मांडलेल्या मुशी आणि टेबलावर काचेच्या पेटीतला तराजू. आतल्या माणसाशी मराठीत बोलून पाहा. तो चमकून वर बघेल, आणि त्याचा पहिला प्रश्न असेल, ‘गाव कुठलं?’ त्याचं स्वतःचं गाव बहुधा विट्याच्या आसपासचं असतं. खानापूर, आटपाडी, कडेगाव, नाहीतर साताऱ्याकडचं खटाव किंवा माण. सांगली-साताऱ्याच्या या कोरड्या पट्ट्यातली गलाई करणारी कुटुंबं तामिळनाडू-केरळपासून दिल्ली-बंगालपर्यंत पसरली आहेत. गलाई म्हणजे सोनं-चांदी आटवून, गाळून, शुद्ध करून देण्याचा धंदा.

त्या तराजूत दिवसभर मोड येत असते. तुटके पैंजण, करदोटे, झिजलेली जोडवी, अत्तरदाणीचं झाकण, बुडाला भोक पडलेली वाटी. या ढिगात कधीतरी एक जाड, गोल चकती निघते. एका बाजूला मुकुटधारी मुख, नाहीतर हातात पुष्पचक्र घेतलेली स्त्री. दुसऱ्या बाजूला पानांची माळ आणि माळेच्या आत कुणाचं तरी नाव. गळ्यात घालायला कडी नाही, म्हणजे दागिना नव्हे. रुपयापेक्षा कितीतरी मोठी, म्हणजे नाणंही नव्हे. हे प्रदर्शनाचं पदक. तराजू त्याचं वजन सांगतो, टंच त्याचा कस सांगतो आणि चकती मुशीत जाते. गलाईवाल्याला यात दोष देता येत नाही. त्याच्याकडे चांदी म्हणून आलेली वस्तू तो चांदी म्हणून घेतो. पदक ज्या घरातून निघालं, तिथेच त्याची ओळख आधी हरवलेली असते.

या चकतीशी आपल्या या दोन जिल्ह्यांचा संबंध दोन्ही टोकांनी येतो. ज्या देशी कारखानदारीसाठी आपल्याकडे प्रदर्शनं भरवली गेली, तिची दोन नामांकित ठाणी इथे उभी राहिली. आणि त्या प्रदर्शनांची चांदी आटवणारे हातही इथलेच. म्हणून पदकाची गोष्ट सांगायला मी लंडन-पॅरिसऐवजी विट्याच्या माणसापासून सुरुवात केली. आता लंडनला जाऊ.

१ मे १८५१ रोजी लंडनच्या हाइड पार्कमध्ये, काच आणि लोखंडाच्या प्रचंड इमारतीत, सगळ्या जगाच्या मालाचं प्रदर्शन उघडलं. साडेपाच महिन्यांत ६० लाखांवर माणसं ते पाहून गेली. दोनच वर्षांपूर्वी लाहोरहून नेलेला कोहिनूर तिथे पिंजऱ्यात ठेवला होता. परीक्षकांनी उत्तम वस्तूंना पदकं दिली, पण एकही पदक सोन्या-चांदीचं नव्हतं. संयोजकांनी ठरवून सगळी पदकं कांशाची केली. मान कारागिरीचा आहे, तो धातूच्या किमतीने मोजला जाऊ नये, असा तो विचार. मला तो फार मोलाचा वाटतो, कारण पुढे जगाने नेमकी उलटी वाट धरली. चारच वर्षांनी पॅरिसच्या प्रदर्शनात पदकांची उतरंड धातूंवर बसवली गेली. सर्वांत वरच्या मानासाठी सोनं, पहिल्या वर्गाला चांदी, दुसऱ्याला कांसं. पुढची पन्नास वर्षं हीच उतरंड जगभर फिरली. आज खेळाच्या मैदानावर आपण जी सोनं-चांदी-कांसं ही त्रयी गृहीत धरतो, ती प्रदर्शनांच्या मांडवातून तिकडे गेली. १८९६ मध्ये अथेन्सला पहिलं आधुनिक ऑलिंपिक झालं, तेव्हा पहिल्या आलेल्या खेळाडूला चांदीचं पदक आणि ऑलिव्हची फांदी मिळाली होती. सोनं-चांदी-कांसं हा क्रम १९०४ मध्ये सेंट लुइसला आला, आणि ते ऑलिंपिक एका जागतिक प्रदर्शनाला जोडूनच भरलं होतं.

आपल्याकडे ही लाट लवकर आली. कलकत्त्याचं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन १८८३-८४ च्या हिवाळ्यात भरलं. पुण्यात १८८८ मध्ये औद्योगिक प्रदर्शन झालं, आणि दोन वर्षांनी न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने तिथेच औद्योगिक परिषद सुरू झाली. १९०२ सरता सरता लॉर्ड कर्झनने दिल्ली दरबाराला जोडून भारतीय कलाकुसरीचं मोठं प्रदर्शन उघडलं. काँग्रेसने १९०१ च्या कलकत्ता अधिवेशनापासून सोबत औद्योगिक प्रदर्शन भरवायला सुरुवात केली होती. डिसेंबर १९०४ मध्ये मुंबईच्या अधिवेशनाबरोबर औद्योगिक आणि शेतकी प्रदर्शन झालं. सभेच्या मांडवात भाषणं आणि शेजारच्या मांडवात साबण, कापड, काडेपेट्या, अवजारं, चुली. देश काय मागतो ते एका मांडवात ऐकू येई आणि देश काय बनवू शकतो ते दुसऱ्यात दिसे.

त्या काळात वस्तूच्या दर्जाची ग्वाही देणारी दुसरी व्यवस्था नव्हती, हे विसरून पदकाची किंमत कळणार नाही. भारतीय मानक संस्था १९४७ मध्ये आली, वस्तूंवरची आयएसआय मोहोर त्याही नंतर. त्याआधी परगावच्या गिऱ्हाइकाला देशी माल चांगला आहे हे पटवायचं तर कारखानदाराकडे पदक हाच पुरावा. म्हणून जुन्या मासिकांतल्या जाहिराती पाहाव्यात. साबणाची असो, औषधाची असो, वरच्या कोपऱ्यात पदकाच्या दोन्ही बाजूंचं चित्र छापलेलं असे. ही सवय इतकी चिवट की अमेरिकेतल्या कॅम्पबेल सूपच्या डब्यावर १९०० च्या पॅरिस प्रदर्शनातल्या पदकाचं चित्र शतक उलटून गेलं तरी टिकलं.

आता सुरुवातीला म्हटलेल्या त्या दोन ठाण्यांकडे, आणि आधी औंध संस्थानाकडे. आजच्या नकाशात औंध गाव सातारा जिल्ह्यात खटाव तालुक्यात आहे, पण संस्थानाचा मुलूख तुकड्या-तुकड्यांत विखुरलेला होता. कुंडल त्यात होतं आणि आटपाडीही. १९१० मध्ये या संस्थानाच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर माळ आणि दहा हजार रुपयांचं बिनव्याजी कर्ज दिलं. माळावर निवडुंग आणि साप. त्याच वर्षीच्या १० मार्चला तिथे किर्लोस्करवाडी उभी राहायला लागली. आज ती सांगली जिल्ह्यात मोडते. लक्ष्मणराव मूळचे चित्रकलेचे विद्यार्थी. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकताना त्यांना रंग नीट ओळखता येत नाहीत हे लक्षात आलं आणि ते यंत्रांकडे वळले. बाळासाहेब स्वतः चित्रकार. कारखान्यासाठी जमीन देणारा आणि घेणारा, दोघांच्याही हाताला रेघेची सवय होती.

त्यानंतर सहा वर्षांनी, १९१६ मध्ये, कराडजवळ ओगले बंधूंनी काचकारखाना काढला. ओगलेवाडी हे नाव त्यातून आलं आणि वडिलांच्या नावाने बनवलेला ‘प्रभाकर’ कंदील महाराष्ट्रातल्या घराघरांत पोचला. या दोन्ही कारखान्यांचा माल फिरून विकणाऱ्यांमध्ये एक तरुण होता, भाऊराव पाटील. पुढे ज्यांनी रयत शिक्षण संस्था उभारली ते कर्मवीर. किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराने जमीन विटाळते, तिला विष चढतं, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. ती मोडायची तर नांगर रानात चालवूनच दाखवावा लागे. प्रदर्शनाचं तत्त्व तेच आहे. वस्तू लोकांसमोर आणा, वापरून दाखवा, शेजारच्या वस्तूच्या बाजूला ठेवा.

किर्लोस्करवाडीची एक आठवण मला या विषयात सारखी टोचते. पहिल्या महायुद्धात कच्चं लोखंड मिळेना, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी पन्हाळ्यावरच्या जुन्या तोफा वितळवायला दिल्या आणि त्यांचे नांगर झाले, असं किर्लोस्करांच्या इतिहासात सांगितलं जातं. तोफ आटली आणि नांगर झाला, यात कुणाला हळहळ वाटत नाही. वाटूही नये. मग एक लहानसं पदक आटलं तर मी एवढा का अस्वस्थ होतो? कारण तोफेचा नांगर झाला ही गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. ती कुणीतरी लिहून ठेवली. पदकाचं काय होतं ते कुणीही लिहीत नाही.

पदक बनतं कसं, ते नीट पाहिलं की ते नाण्याहून वेगळं का, हे आपोआप कळतं. आधी कलाकार मेण किंवा प्लॅस्टरमध्ये ताटाएवढं मोठं उठावाचं शिल्प करतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत अशी शिल्पं लहान करणारं यंत्र चांगलं सुधारलं होतं. त्याच्या दांड्याचं एक टोक मोठ्या शिल्पावरून फिरतं आणि दुसऱ्या टोकाचं अणकुचीदार हत्यार पोलादात तेच चित्र छोटं करून कोरतं. त्याआधी सगळं हाताने, भिंग लावून, पोलादात उलटं आणि खोलगट कोरावं लागे. उलटं कोरण्याची ही विद्या आपल्या मुलखाला परकी नव्हती. मिरजेत १८०५ साली भगवद्गीता छापली गेली ती तांब्याच्या पत्र्यांवर उलटी अक्षरं कोरूनच. धातूवर उजवीकडून डावीकडे कोरणारे हात इथे होते.

पोलादी ठसा तयार झाला की तो तापवून, बुडवून कडक करतात. मग चांदीच्या पट्टीतून चकत्या कापायच्या आणि दाबयंत्रात वरच्या-खालच्या ठशांमध्ये ठेवून चेपायच्या. नाण्याचा उठाव पातळ असतो, त्यामुळे ते एका दाबात पडतं. टांकसाळीत मिनिटाला कितीतरी नाणी बाहेर येतात. पदकाचा उठाव उंच. एका दाबात चांदी ठशाच्या तळापर्यंत पोचतच नाही. शिवाय प्रत्येक घावाबरोबर चांदी ताठरते, पुढे सरकायला तयार होत नाही. म्हणून चकती बाहेर काढायची, भट्टीत लालसर तापवून पुन्हा मऊ करायची, स्वच्छ करायची आणि त्याच ठशात अचूक बसवून परत दाबायची. चांगल्या पदकाला असे अनेक फेरे द्यावे लागतात. म्हणून जुनं पदक हातात घेतलं की गालाची गोलाई, वस्त्राच्या चुण्या बोटाला जाणवतात. हे काम करणाऱ्या टांकसाळींमध्ये मुंबईची टांकसाळही होती, आणि नाण्यांबरोबर पदकं पाडण्याचं काम ती आजही करते.

प्रदर्शनांच्या पदकांत दोन जाती असतात आणि त्यांची गल्लत फार होते. एक मानाचं पदक. ते परीक्षकांच्या निर्णयाने मिळे आणि त्यावर विजेत्याचं नाव कोरलेलं असे, कधी मागच्या बाजूच्या मोकळ्या चौकटीत, कधी कडेवर. दुसरं स्मरणपदक. ते प्रदर्शनाच्या आठवणीसाठी काढून विकलं किंवा वाटलं जाई. त्यावर प्रदर्शनाचं नाव असतं, साल असतं, माणसाचं नाव नसतं. स्मरणपदक दुय्यम असं मी मानत नाही. मानाचं पदक एका कारागिराची कथा सांगतं. स्मरणपदक त्या अनोळखी माणसाची आठवण असतं, जो आगगाडीने गेला, दिवसभर मांडवांतून हिंडला आणि घरी परतताना काहीतरी जपून ठेवावं असं त्याला वाटलं.

धातूची वर्णनंही नीट तपासावी लागतात. राजा रविवर्म्याला १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात सुवर्णपदकं मिळाली असं मराठीत वर्षानुवर्षं लिहिलं जातं. वास्तविक शिकागोने त्या वर्षी पुरस्कारासाठी एकाच प्रकारचं पदक काढलं होतं, आणि ते कांशाचं होतं. यात चित्रकाराचा मान तसूभर कमी होत नाही. पण ‘सुवर्ण’ हा शब्द आपण किती सहज चिकटवतो ते दिसतं.

त्याच शिकागो प्रदर्शनाची चांदीची गोष्ट मात्र खरी आहे. अमेरिकी सरकारने प्रदर्शनाला हातभार म्हणून कोलंबसाच्या मुद्रेचा चांदीचा अर्धा डॉलर काढला. अमेरिकेचं हे पहिलं स्मारक नाणं. अर्ध्या डॉलरचं नाणं एका डॉलरला विकायचं आणि वरचे पैसे प्रदर्शनाला द्यायचे, अशी योजना. पहिलं नाणं एका टंकयंत्राच्या कंपनीने तब्बल दहा हजार डॉलरला घेतलं. पण एकूण ५० लाखांच्या आसपास नाणी पाडलेली. लोकांनी तेवढी घेतली नाहीत. उरलेल्यांतली लाखो नाणी अर्ध्या डॉलरच्याच भावात बाजारात सोडावी लागली आणि लाखो पुन्हा वितळवली गेली. प्रदर्शनाची चांदी प्रदर्शन संपताच मुशीत जाते, हे विट्याच्या माणसाने सुरू केलेलं नाही.

१८९३ हेच साल चांदीच्या इतिहासातलं मोठं वळण आहे. त्याआधी कुणीही चांदी घेऊन मुंबईच्या किंवा कलकत्त्याच्या टांकसाळीत जावं आणि थोडा आकार भरून रुपये पाडून घ्यावेत, अशी मुभा होती. पण अमेरिकेतल्या नव्या खाणींतून चांदीचा लोंढा आला होता, युरोपातले देश एकेक करून सोन्याच्या चलनाकडे गेले होते आणि चांदीचा भाव पडत चालला होता. १८७० च्या सुमारास दोन शिलिंगांच्या आसपास असलेला रुपया १८९० च्या दशकात सव्वा शिलिंगाच्याही खाली आला. अखेर २६ जून १८९३ रोजी भारत सरकारने टांकसाळीचं हे दार लोकांसाठी बंद केलं. चांदी स्वस्त होण्याचा काळ आणि प्रदर्शनांच्या भरभराटीचा काळ एकच आहे. राजघराण्यांपुरती असलेली चांदीची पदकं साबणवाल्याच्या आणि विणकराच्या घरी पोचली, त्यामागे हा पडता भावही होता, असं मला वाटतं.

आणि भाव चढला की उलटं घडतं. १९७९ च्या सुरुवातीला औंसाला सहा डॉलरच्या आसपास असलेली चांदी जानेवारी १९८० मध्ये ५० डॉलरच्या जवळ गेली. अमेरिकेतले हंट बंधू चांदी साठवत होते, त्याचा तो परिणाम. त्या काही महिन्यांत जगभर घराघरांतली जुनी चांदी, ताटं, चमचे, नाणी, पदकं भट्ट्यांत गेली. मार्चमध्ये भाव कोसळला, पण आटलेलं काही परत येत नाही. आपल्याकडेही भाव वर गेला की सराफाच्या दारात मोडीची रांग लागते, आणि तिच्यात आजोबांच्या ट्रंकेतली चकती असू शकते.

आता पुन्हा त्या बोळातल्या खोलीत. गलाईचं काम वरवर सोपं दिसतं, पण त्यात धातूंच्या स्वभावाचं बारीक ज्ञान आहे. शुद्ध चांदी ९६२ अंश सेल्सिअसला वितळते आणि तांबं १०८५ ला. दोन्ही मिसळली की मिश्रण दोघांच्याही आधी वितळतं. शंभरात साडेब्याण्णव भाग चांदी आणि बाकी तांबं असलेली पदकाची चांदी ८९३ अंशांच्या आसपासच पूर्ण पातळ होते. मुशीत सवागी, म्हणजे टाकणखार, टाकतात. ती मळ आणि जळलेलं तांबं आपल्यात ओढून वर काचेसारखी तरंगते. शुद्ध चांदीची एक विलक्षण खोड आहे. पातळ असताना ती आपल्या आकारमानाच्या वीसएक पट प्राणवायू पिऊन घेते आणि थिजताना तो एकदम सोडते. तेव्हा तिच्या पृष्ठभागावर फोड उठतात, शिंतोडे उडतात. जाणता माणूस तिच्यावर कोळशाचं आवरण ठेवतो आणि ओतण्याची वेळ नजरेने ठरवतो.

सोनं आणि चांदी एकत्र असतील तर तेजाब लागतं. तेजाब, म्हणजे नायट्रिक आम्ल, चांदी विरघळवतं आणि सोन्याला हात लावत नाही. पण सोनं जास्त असेल तर ते चांदीला आत कोंडून ठेवतं. म्हणून आधी मुद्दाम चांदी मिसळून सोन्याचा हिस्सा चौथाईवर आणायचा. मग तेजाबात सगळी चांदी निघून जाते आणि तळाशी तपकिरी भुकटी उरते, तेच सोनं. विरघळलेली चांदी परत मिळवायला त्या पाण्यात तांब्याचे पत्रे सोडतात. तांबं विरघळत जातं आणि चांदी राखाडी चिखलासारखी खाली बसते. ती धुवायची, वाळवायची, आटवून लगड ओतायची. या सगळ्यात तांबूस-पिवळा धूर निघतो, तो फुप्फुसांना घातक असतो. बंद खोलीत वर्षानुवर्षं हा धूर घेतलेली माणसं विट्याच्या आसपासच्या गावांत आहेत, आणि गलाईच्या पैशांतून बांधलेली घरं बघताना ते ध्यानात ठेवावं लागतं.

ही माणसं या धंद्यात आली ती पावसाने पाठ फिरवलेल्या जमिनीतून. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असलेला हा प्रदेश, व्यंकटेश माडगूळकरांनी साऱ्या महाराष्ट्राला ओळखीचा करून दिलेला माणदेश. १८७६-७८ चा दुष्काळ, १८९६-९७ चा, १९७२ चा. शेतावर भागेना तेव्हा घरटी एक माणूस बाहेर पडला, त्याने भावाला बोलावलं, भावाने मेहुण्याला. पोरगा आधी मामाच्या दुकानात भट्टीपाशी बसायचा, झाडलोट करायचा, आणि रंग बघून कस सांगायला शिकायचा. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यात हुपरीने चांदीचे पैंजण घडवण्यात नाव काढलं. खानापूर-आटपाडीने घडलेलं पुन्हा धातूवर आणण्यात. दोन्ही कसबं एकमेकांना पूरक आहेत.

मला गलाईवाल्यांकडून मोठी आशा वाटते ती यामुळेच. एवढी जुनी चांदी रोज हाताळणारं दुसरं कुणी नाही. संग्रहालयाच्या तज्ज्ञाला जन्मात जेवढ्या वस्तू दिसत नाहीत तेवढ्या यांच्या तराजूवरून महिन्याभरात जातात. आज बहुतेक ठिकाणी टंच काढायला क्ष-किरणांचं यंत्र आलंय. वस्तू न खरवडता अर्ध्या मिनिटात चांदीचं प्रमाण कळतं. ज्या टेबलावर ते यंत्र आहे, त्याच टेबलावर प्रत्येकाचा मोबाइलही असतो. आटणीच्या आधी दोन्ही बाजूंचा आणि कडेचा एकेक फोटो, वजन, आणि कुठल्या गावाहून आलं ते. एवढं जरी राहिलं तरी पुष्कळ राहील.

कडेचा फोटो मी मुद्दाम सांगतो, कारण पदकाची अर्धी कुंडली कडेवर असते आणि तिकडे कुणी बघत नाही. पॅरिसच्या टांकसाळीने आपल्या पदकांच्या कडेवर बारीक खूण मारण्याची पद्धत ठेवली. १८६० पासून १८७९ पर्यंत मधमाशी, १८८० पासून फळाफुलांनी भरलेलं शिंग, आणि त्या खुणेशेजारी रोमन अक्षरांत धातूचं नाव. चांदी असेल तर फ्रेंचमध्ये ‘आर्जां’, कांसं असेल तर ‘ब्राँझ’. इंग्लंडमधल्या चांदीवर पाऊल उचललेला सिंह असतो. तो साडेब्याण्णव टक्क्यांची हमी देतो. त्याच्या शेजारी नांगर, म्हणजे जहाजाचा नांगर, असेल तर ते बर्मिंगहॅमला तपासलेलं. विजेत्याचं नाव अनेकदा कडेवरच ठोकलेलं सापडतं.

घरात असं पदक असेल आणि सराफाकडे न जाता ते चांदीचं आहे का पाहायचं असेल, तर खरवडू नका, तेजाबाचा थेंब टाकू नका. एक दशांश ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा छोटा काटा घ्या. पदकाचं वजन करा. समजा ते ६३ ग्रॅम आलं, म्हणजे १८० ग्रेनच्या जुन्या रुपयाभार तोळ्याने जवळजवळ ५.४ तोळे. आता काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून आकडा शून्यावर आणा. पदक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला किंवा काठाला लागणार नाही, असं धरा. काटा सहाच्या जरा वर थांबला तर पदक चांदीचं. सात किंवा त्याहून थोडं जास्त दाखवू लागला तर ते जर्मन सिल्व्हर असेल, ज्यात चांदी फक्त नावातच आहे, किंवा वरून मुलामा दिलेलं तांबं-कांसं. साडेआठच्या आसपास गेला तर कथलाचं. चांदी पाण्याच्या साडेदहा पट जड, म्हणून हा हिशेब जमतो.

मग ते टिपून वाळवा आणि पुसायचा मोह टाळा. काळेपणा म्हणजे हवेतल्या गंधकाने चांदीवर धरलेली अगदी पातळ साय. ती आतल्या धातूला झाकून ठेवते. आपल्या घरांत चांदी राखेने, चिंचेने, रांगोळीने, अलीकडे टूथपेस्टने घासायची सवय आहे. भांड्याला ती चालेल, पदकाला नाही. शंभर वर्षं टिकलेल्या केसांच्या बटा आणि वस्त्राच्या चुण्या एका दिवाळीच्या घासणीत बोथट होतात. रबराचा पट्टा, लोकर आणि मऊ प्लॅस्टिकची पाकिटं दूर ठेवा. त्यांतून निघणारे वायू चांदी खातात. साधा पांढरा कागद आणि सुती कापड पुरेसं. मूळ पेटी असेल तर ती फेकू नका. तिच्या झाकणाच्या आत, मखमलीच्या अस्तरावर, ठसे करणाऱ्याचं किंवा विकणाऱ्याचं नाव सोनेरी अक्षरांत छापलेलं असतं.

पेटीबरोबर एक चिठ्ठी ठेवा. हे कुणाला मिळालं, कशासाठी, घरात कुणी सांगितलं. पणजोबा हातमागावर काय विणायचे, आजीच्या माहेरच्यांचं दुकान कुठे होतं, आठवेल तेवढं. पेन्सिलीने लिहिलेलं चालेल, शाई पसरते.